शून्य विचलन

राज्यात दरवर्षी सोळा लाख मुलं दहावीच्या परीक्षेत मराठीचा निबंध लिहितात. त्याला वीसपैकी किती गुण पडावेत, हे २०३१पासून अकरा वर्षं एका बाईंच्या मतावर ठरत होतं. त्यांचं नाव वृषाली तांबवेकर. या अकरा वर्षांत त्या एकाही शाळकरी मुलाशी बोलल्या नव्हत्या. नेमणुकीच्या आदेशातली ती पहिली अट होती.

वारणेच्या खोऱ्यात, धरणाचं काम चालू असताना बांधलेली पाटबंधारे खात्याची वसाहत आहे. काम संपलं तशी माणसं गेली. नव्वद घरांपैकी आता सहा-सात घरांत दिवा लागतो. त्यातल्या चौदा नंबरच्या घरात बाई राहत. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर पडदा, पडद्याच्या कडेला दोन बारीक कॅमेरे. सकाळी साडेनऊला पहिला निबंध पडद्यावर येई. दिवसाला तीस निबंध. बाई वाचत, गुण देत, गुणांखाली दोन ओळींचं कारण लिहीत आणि पुढचा निबंध मागवत. साडेचारला काम संपे. मग बंद घरांच्या रांगांमधून त्या धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जात आणि परत येत.

ही व्यवस्था का करावी लागली, ते सांगायला हवं.

यंत्रांनी पेपर तपासायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. शिक्षकांच्या सुट्ट्या मोकळ्या झाल्या, निकाल पंधरा दिवसांत लागू लागला. चौथ्या वर्षी निबंधाची राज्याची सरासरी वीसपैकी साडेअठरावर गेली. यंत्र आधीच्या यंत्राने चांगले ठरवलेले निबंध वाचून शिकत होतं आणि मुलंही तेच निबंध वाचून शिकत होती. एका मुलाने पाच वाक्यं क्रम बदलून तीन पानं भरली आणि त्याला साडेएकोणीस पडले. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, तपासा यंत्राने. पण यंत्राची मोजपट्टी माणूसच असला पाहिजे.

कोणता माणूस, हा पुढचा प्रश्न. राज्य मूल्यमापन मंडळाने चारशे अनुभवी परीक्षकांना एकच निबंध दिला. गुण सातपासून सतरापर्यंत पडले. चारशे जणांची सरासरी काढून यंत्राला शिकवलं, तर यंत्र सरसकट सगळ्यांना बारा-तेरा देऊ लागलं. चारशे माणसांची सरासरी हे कुणाचंच मत नसतं. शेवटी मंडळाने मापनशास्त्राचा आधार घेतला. एकेकाळी किलो म्हणजे काय, हे पॅरिसजवळच्या एका तळघरात काचेच्या हंड्यांखाली ठेवलेल्या धातूच्या एका तुकड्यावरून ठरत असे. जगातली सगळी वजनं त्याच्याशी ताडून पाहिली जात. तसाच प्रत्येक विषयाला एक माणूस नेमायचा. त्याचं मत आदर्श असण्याची गरज नाही. ते एकसंध असावं, आज एक आणि उद्या दुसरं असं नसावं. दोन हजार निबंधांच्या चाचणीत तांबवेकर बाई सर्वांत एकसंध ठरल्या. आठवड्याच्या अंतराने तोच निबंध पुन्हा दिला, तर त्यांच्या गुणांत पाव गुणाचाही फरक पडत नव्हता. त्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होत्या. पद नव्याने तयार झालं : मानक परीक्षक.

एकदाच सगळं शिकून यंत्र बंद पेटीत ठेवता आलं असतं. तसं करूनही पाहिलं होतं. पण मुलांची भाषा दर वर्षी सरकते. तीन वर्षांत जुनं यंत्र नव्या निबंधांपुढे गोंधळतं. म्हणून जिवंत माणूस लागतो आणि त्याने रोज तपासत राहावं लागतं. बाईंची नजर कोणत्या ओळीवर थांबते, कुठून मागे वळते, गुण लिहिताना हात किती वेळ अडतो, हे सगळं यंत्र टिपून घेई आणि दर रविवारी त्याची मोजपट्टी नव्याने लागे.

जिवंत माणसाचं मत हलतं. ते किती हललं हे कळावं म्हणून तीस निबंधांत रोज दोन जुने निबंध मिसळलेले असत. चाचणीच्या दोन हजारांमधून निवडलेले असे दोनशे चाळीस निबंध होते. ते कोणते, हे बाईंना सांगायचं नाही. बाईंनी त्यांना २०३१मध्ये दिलेले गुण आणि आज दिलेले गुण यांतला फरक म्हणजे विचलन. आणि मुळात मत हलूच नये म्हणून विद्यार्थ्यांशी, शिक्षकांशी आणि शाळेत जाणारी मुलं घरात असलेल्या नातेवाइकांशी संपर्क बंद. बाईंच्या मनगटावर एक पट्टी असे. तिला मुलांचा आवाज ओळखता येई.

अकरा वर्षांत बाईंचं विचलन शून्य होतं. बाकीच्या विषयांचे सहा मानक परीक्षक या काळात बदलावे लागले. बाईंच्या आलेखाची सरळ रेघ मंडळाच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलेली असे.

त्यांच्या भावाची मुलगी ऋचा, त्या इथे आल्या तेव्हा पाचवीत होती. नियमाप्रमाणे ती बारावी होईपर्यंत भावाच्या घरी फोन करता येत नव्हता. ज्या दिवशी तिचा निकाल लागला त्या दिवशी बाईंनी फोन केला.

"आत्या, बरी आहेस ना?"

"हो. तू?"

"मी पण मस्त."

ऋचाने फोन वडिलांकडे दिला. वडिलांनी धरणात पाणी किती आहे ते विचारलं. पुढे दिवाळीला फोन होत राहिले. त्यांतही पाण्याचीच चौकशी असे.

तेव्हा बाईंपाशी बोलणारं जे काही होतं, ते पडद्यावर होतं. आणि गेल्या सहा-सात वर्षांत त्या निबंधांचा सूर बदलत चालला होता. विषय कोणताही असो, 'माझे घर', 'आमची सहल', 'मला मिळालेला मित्र', मुलं एका शांत जागेपाशी येऊन थांबत. संध्याकाळी मी खिडकीत बसते. समोरच्या बाकावर कुणी नसतं. आई कामावरून येईपर्यंत मी घरातल्या वस्तूंची नावं मनात म्हणते. अशा निबंधांपाशी बाईंची नजर थांबे. त्यांना साडेसतरा, अठरा पडत. उलट काही निबंधांत माणसांची गर्दी असे, सगळे एकदम बोलत, एक गोष्ट संपायच्या आत दुसरी घुसे. त्याखाली बाई लिहीत, "विस्कळीत. मांडणीत संयम हवा." बारा.

२०३८च्या अहवालात त्यांनी नोंद केली : "मुले फार एकटी पडत चालली आहेत, असे निबंधांवरून दिसते. शासनाने लक्ष घालावे." शासनाने लक्ष घातलं. शाळाशाळांतून चार हजार समुपदेशक नेमले गेले. त्यांच्यापाशी बोलायला विशेष कुणी गेलं नाही, हे बाईंना कळण्याचं कारण नव्हतं. त्यांना मुलांसाठी वाईट वाटे. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटे. आपण या वसाहतीत जे जगतो ते राज्यभर कुणीकुणी जगतंय आणि रोज सकाळी साडेनऊला आपल्याला लिहून कळवतंय, अशी काहीशी ती भावना होती.

दर तीन महिन्यांनी मंडळाचे मापन अधिकारी भरत बोरगावे पट्टी आणि कॅमेरे तपासायला येत. हे इचलकरंजीचे. पन्नाशीच्या आतबाहेर. बोलायला मोकळे. त्यांच्या घरी शाळेतली मुलगी होती. तिचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी लेखी दिलेलं होतं. २०४२च्या सप्टेंबरात ते आले तेव्हा बाईंनी थालीपीठ लावलं होतं. बोरगावे दुसरं थालीपीठ मोडत म्हणाले, "बाई, तुमची रेघ परत सरळ. साहेब लोक म्हणतात, बाईंना काचेत घालून ठेवा."

"अजून काय काचेत घालणार? आहे तीच पुष्कळ आहे."

बोरगावे हसले. हसता हसता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या सन्मतीचा निबंध वाचून परवा आमची आई रडली हो."

बाईंनी मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. बोरगाव्यांच्याही लक्षात आलं. पण गोष्ट अर्धी झाली होती आणि अर्धी गोष्ट टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"म्हणजे बघा, आमच्या घरात आम्ही अकरा माणसं. मागच्या अंगणात आठ यंत्रमाग. दिवसभर खडाखडा. फोनवर बोलायचं तर गच्चीवर जावं लागतं. आणि पोरीनं लिहिलंय, 'आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा तेवढा आवाज असतो.' आमच्या भिंतीवर घड्याळच नाही, बाई. आई म्हणाली, मी मेले की काय तुझ्या निबंधात?"

"मग तिनं तसं का लिहिलं?"

"मी पण तेच विचारलं. म्हटलं, अगं, आजी कुठं गेली, काका कुठं गेले? तर म्हणते, पप्पा, आजीनं अर्धा मार्क जातो. काकानं अर्धा. शेजारीपाजारी आले की एक. क्लासच्या सरांनी तक्ताच दिलाय सगळ्यांना. सात-आठ वर्षांच्या निकालांवरून काढलाय म्हणे. घर रिकामं करा, एक खिडकी ठेवा, बोलणं नको. सतराच्या खाली येतच नाही."

बाईंनी त्यांच्या ताटात तिसरं थालीपीठ वाढलं. मग विचारलं, "बोरगावे, चाचणीचे दोन हजार निबंध होते ना? दोनशे चाळीस सोडून बाकीचे कुठे आहेत?"

"सीलबंद. मंडळात."

"त्यातले साठ मला आणून द्या. मी तेव्हा किती दिले होते ते सांगू नका."

"कशाला पण? तुमचं विचलन शून्य आहे. दर आठवड्याला मोजतोय की आम्ही."

"काय मोजताय ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मिसळून पाठवता ते निबंध मी ओळखते."

बोरगाव्यांनी हातातला घास खाली ठेवला.

ही चूक कुणाच्या ध्यानात आली नव्हती. एका परीक्षकाने वर्षाला साडेदहा हजार निबंध वाचले, तर त्यातला एखादा चार महिन्यांनी परत आला तरी त्याला आठवणार नाही, असं गणित मंडळाने मांडलं होतं. ते बरोबर होतं. पण ज्यांना घरी जाऊन दुसरं काही ऐकायला असतं अशा माणसांसाठी. बाईंना ते सगळे दोनशे चाळीस पाठ होते. प्रेशर कुकर दुरुस्त करायला बसलेला मामा आणि त्याला "आता डाळ काय छतावरची चाटू?" असं विचारणारी आजी. लग्न जुळवायला एका रिक्षातून गेलेले पाच काका. भाडेकरूंच्या दोन बायकांमधलं दोरीवरून झालेलं भांडण आणि ते सोडवायला आलेला, आणि तिसरंच भांडण काढून गेलेला पोस्टमन. चार महिन्यांनी यातलं कुणीतरी परत पडद्यावर येई आणि बाईंना घरी ओळखीचं माणूस आल्यासारखं होई. मामाला साडेसोळा. पाच काकांना सतरा. त्यांना हे गुण आठवत आणि त्या तेच देत. आपण फसवतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. मामाचे साडेसोळाच होते. तो मामा साडेसोळाचाच होता.

"बाई, हे तुम्ही मला सांगायला नको होतं," बोरगावे म्हणाले.

"तुम्ही पण मला आजीचं सांगायला नको होतं. निबंध आणा."

त्यांनी आणले. पंधरा दिवसांनी कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने आले आणि साठ निबंधांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. बाईंनी दोन दिवस घेतले. पूर्वी एकदाच, अकरा वर्षांपूर्वी वाचलेले हे निबंध त्यांना आठवत नव्हते. तिसऱ्या दिवशी बोरगाव्यांनी जुने गुण काढले आणि दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहिले.

ज्या निबंधांत तीनपेक्षा जास्त माणसं बोलत होती, त्यांना बाईंनी पूर्वीपेक्षा सरासरी पावणेतीन गुण कमी दिले होते. ज्यांत कुणीच बोलत नव्हतं, त्यांना अडीच गुण जास्त. रेघ सरळ नव्हती. ती अकरा वर्षं एकाच बाजूला वाकत गेली होती आणि तिच्यामागून सोळा-सोळा लाख मुलं वळत गेली होती.

यातला एक निबंध सात जणांच्या जेवणाच्या पंगतीवर होता. २०३१मध्ये बाईंनी त्याला अठरा दिले होते आणि खाली लिहिलं होतं, "वाचताना भूक लागली." या वेळी त्यांनी तेरा दिले होते. खाली होतं, "गोंगाट."

बोरगाव्यांनी कागदाची घडी घातली. "आता काय करायचं?"

"कळवायचं."

"माझी नोकरी जाईल हो."

"तुमचं नाव येणार नाही. निबंध मी मागवले, असं लिहिते. ते खरंच आहे."

बाईंनी चार पानांचं पत्र लिहिलं. त्यात दोन्ही रकाने होते, निबंध ओळखत असल्याची कबुली होती आणि २०३८ची आपली एकटेपणाची नोंद मागे घ्यावी, अशी विनंती होती. ती मुलं एकटी नव्हती, त्यांनी लिहिलं, ती माझ्यासाठी लिहीत होती. हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. सहा-सात वर्षं ज्यांच्याशी आपलं काहीतरी सारखं आहे असं त्या समजत होत्या, ती मुलं त्यांनाच त्यांचं चित्र काढून परत पाठवत होती. समोरून कुणी येत नव्हतं. कधी आलंच नव्हतं.

उत्तर पत्राने आलं नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाच्या संचालक डॉ. अलका देवकुळे स्वतः पुण्याहून गाडीने आल्या. गोऱ्या, बारीक, साठीच्या जवळ. त्यांनी चौदा नंबरच्या घरात सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"इथे फारच शांत आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यात एक तांत्रिक चूक आहे. तुम्ही म्हणता, तुम्ही चुकीचे गुण देत आलात. तसं होऊच शकत नाही."

"मी रकाने जोडले आहेत."

"पाहिले. बाई, तो पॅरिसचा किलो आठवतो? त्याच्या नकला काढून जगभर दिल्या होत्या. शंभर वर्षांनी सगळ्या परत आणून ताडल्या, तर मूळ तुकडा आणि नकला यांत फरक पडलेला. पण मूळ तुकडा हलका झाला, असं म्हणता येत नव्हतं. किलो म्हणजे तोच. मग कायद्याने म्हणायचं काय? जगातल्या बाकीच्या सगळ्या वस्तू जड झाल्या. तुमचंही तसंच आहे. तुम्ही जे देता त्यालाच बरोबर म्हणतात. व्याख्येनेच."

"मुलं आजीला निबंधातून काढून टाकतात, मॅडम."

"टाकू देत. आजी घरात आहे ना? निबंधातच नाहीये." देवकुळे आवाज खाली आणून म्हणाल्या, "पावणेदोन कोटी गुणपत्रिका आहेत. त्यांवर प्रवेश झाले, नोकऱ्या लागल्या. त्या सगळ्या उघडायच्या? कुणाला न्याय देणार तुम्ही, आणि कुणाकडून काढून घेऊन? मलाही तुमच्यासारखीच झोप लागत नाहीये. पण मी एवढंच करू शकते की जुने दोनशे चाळीस काढून टाकायचे आणि तुम्ही या वर्षी तपासलेल्यांतून नवे घ्यायचे. आजपासून शून्य."

"म्हणजे रेघ जिथे वाकली आहे तिथेच ती सरळ धरायची."

"हो. आणि तुमची मुदत पाच वर्षांनी वाढवतोय."

"मी राजीनामा दिला तर?"

"तर तुमच्याशी ज्याचं मत सगळ्यात जास्त जुळतं, असा माणूस शोधावा लागतो. सातत्यासाठी तसा नियम आहे. बाई, तुमच्यासारखं मत असलेला माणूस शोधायचा म्हणजे त्याला आधी अशाच एखाद्या घरात ठेवावं लागेल." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "थोडी माणसं यायला हवी होती तुमच्याकडे. ते आमचंच चुकलं."

बाईंनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. मग आत येऊन आपल्या पदाच्या कायद्याची प्रत काढली. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, वाचायचं म्हटलं की पहिल्या पानापासून वाचत. नवव्या कलमाशी त्या थांबल्या. मानक परीक्षकाचा विद्यार्थ्याशी पाच मिनिटांहून अधिक थेट संवाद झाल्यास पद तत्क्षणी रद्द होईल. हे कलम न्यायालयाने स्वतः घालायला लावलं होतं, वशिला आणि दडपण यांची भीती होती म्हणून. अशा वेळी मनगटपट्टीची नोंद मंडळाकडे न जाता थेट न्यायालयाच्या कार्यालयात जाई. त्या परीक्षकाचं मत दूषित समजलं जाई, त्याच्याशी जुळणारा माणूस शोधायला मनाई होती. नवीन परीक्षक २०३१च्या मूळ दोन हजार निबंधांपासून सुरू करणार आणि जुन्या-नव्यातला फरक न्यायालय जाहीर करणार. मंडळाला यात कुठेही सही करायची नव्हती.

त्यांनी नुकसानीची यादी मनात केली. घर सोडावं लागेल. नाव पेपरात येईल आणि दूषित हा शब्द त्याच्या शेजारी असेल. गेल्या अकरा वर्षांत चांगले गुण मिळालेली मुलं, जी आता इंजिनिअर आणि नर्स आणि शिक्षक होती, त्यांना आपल्या गुणांबद्दल शंका येईल. आणि मामा, पाच काका, पोस्टमन यांची परत भेट होणार नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी यादीत सगळ्यात खाली ठेवली, तरी ती वर येत राहिली.

वसाहतीपासून चार किलोमीटरवरच्या गावात माध्यमिक शाळा होती. अकरा वर्षांत बाई त्या दिशेने कधी चालल्या नव्हत्या. गुरुवारी त्यांनी साडेनऊला पडदा लावला नाही. मधल्या सुट्टीच्या सुमाराला त्या शाळेच्या कुंपणापाशी पोचल्या. मैदानातला आवाज त्यांना फर्लांगभर अलीकडूनच ऐकू येत होता. जवळ आल्यावर तो कानांत न मावण्याइतका झाला. मनगटावरची पट्टी गरम झाली आणि तिच्यावर आकडे धावू लागले.

कुंपणाच्या आतल्या बाजूला पायरीवर एक मुलगी डबा खात होती. दहावीची असावी, मांडीवर मराठीचं पुस्तक होतं.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. सहज आले. तुझं नाव काय?"

"आरोही शेडगे. तुम्ही धरणावरच्या काय? त्या चालत असतात त्या बाई?"

"हो."

"माझा चुलता म्हणतो, त्या बाई मुक्या आहेत."

"नाही. बोलते की."

"ते दिसलंच." मुलगी हसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

मुलगी पाठ केल्यासारख्या सुरात म्हणाली, "संध्याकाळी आमचं घर शांत असतं. ओसरीवर एक रिकामी खुर्ची..."

"ते नको. निबंधातलं नको. खरं सांग."

मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ही बाई वेडी असावी की काय, याचा तिनं अंदाज घेतला. तसं काही दिसेना.

"खरं सांगू? मग लई आहेत," ती म्हणाली. "आई-पप्पा, चुलता-चुलती, त्यांची तीन पोरं, त्यातलं एक तर नुसतं चावतं. आजी. आजीची बहीण, ती चार दिवसांसाठी आली होती, दोन वर्षं झाली. आणि आत्या, तिचं लग्न ठरत होतं, पण पोरगा बघायला आला त्या दिवशी चुलत्यानं काय केलं माहितीय..."

आणि ती सुरू झाली. एक गोष्ट संपायच्या आत दुसरी घुसत होती. मध्येच चावणाऱ्या पोराचं आलं, मध्येच कुणाची तरी म्हैस. तीन मैत्रिणी येऊन शेजारी टेकल्या आणि "तसं नाही गं, तो पोरगा तेव्हा गेला नव्हता" असं म्हणत तिला मध्येमध्ये तोडू लागल्या. बाईंच्या डाव्या कानशिलात ठणका सुरू झाला. आपल्याला हे आवडावं, अशी त्यांची फार इच्छा होती. आवडत नव्हतं. मनात आकडा तयार झाला होता, तो पुसायला गेल्या तरी जात नव्हता : साडेअकरा. विस्कळीत. त्यांना घर आठवत होतं, बंद दारांच्या रांगा, सकाळी साडेनऊचा पडदा, आणि आत्ता वळलं तर अजून परत जाता येईल हेही कळत होतं. पट्टीवर चार मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

आरोही श्वास घ्यायला थांबली. मैत्रिणीही थांबल्या. बाई आता काय म्हणतात म्हणून चौघीजणी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

बाई पायरीच्या अलीकडे, कुंपणाच्या दगडावर बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "चुलत्यानं काय केलं?"